दोन ते आठमधला कुठलाही आकडा

तिला घरात ठिणगी म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या थोरल्या भावानं, आणि तो इलेक्ट्रिशियन असल्यामुळे ठिणगी म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत गणिताच्या बाईंनी एकदा तिचं बरोबर उत्तर चूक दिलं, तर ही पोरगी मधली सुट्टीभर शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि बाईंनी तेच गणित पुन्हा सोडवेपर्यंत हलली नाही. राग तिच्या नाकावरच असायचा. पण तेव्हा तो राग खऱ्याच्या बाजूनं असायचा, हे आधीच सांगून ठेवायला हवं. चार वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकून आल्यावर तो कुणाच्या बाजूला गेला, त्याची ही हकिकत आहे आणि ती थंड डोक्यानं सांगता येण्यासारखी नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि तिघांचं झोपणं. वडील ती सातवीत असतानाच गेले. भावानं शिक्षण सोडून हातात टेस्टर घेतला आणि बहिणीला सांगितलं, “तू शीक. घरात एक जण तरी असा हवा, ज्याला शिडीवर चढावं लागणार नाही.” ती शिकली. विद्यापीठात सॉफ्टवेअरला नंबर लागला तेव्हा आईनं त्या आठवड्याचे गणवेश दोन दिवस उशिरा दिले. एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, कारण माप देता देता प्रत्येकाला ती बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागली होती.

आता त्या विद्यापीठाबद्दल. इमारत चकचकीत होती, लॅबमधले पंखे आणि संगणक दोन्ही चालू होते, ही काही लहान गोष्ट नाही. पण तिथं शिकवत काय होते? तर उत्तर जुळवायला. प्रॅक्टिकलच्या वहीत उजव्या पानावर प्रोग्रॅम, डाव्या पानावर त्याचं उत्तर. उत्तर आदल्या वर्षीच्या वहीत तयारच. प्रोग्रॅम चालो न चालो, डावं पान बरोबर असलं की सही मिळायची. साठ मुलांच्या साठ वह्यांत तेच उत्तर आणि खाडाखोडसुद्धा तीच. टेस्टिंग नावाचा एक आख्खा विषय होता. टेस्टिंगचे प्रकार सात, प्रत्येकाची व्याख्या दोन मार्कांची. ठिणगीनं सातही पाठ केले, चौदापैकी चौदा मिळवले, आणि त्या सबंध सत्रात एकाही माणसानं एकही प्रोग्रॅम मोडतोय का ते करून बघितलं नाही. व्याख्या पाठ करून घेऊन पोहणारे तयार करण्याचा हा कारखाना होता, आणि त्याला मान्यता होती, शिक्का होता, वर वर्षातून एकदा पदवीदान समारंभही होता.

पहिल्या वर्षी ती भांडली. दुसऱ्या वर्षी जरा कमी भांडली. तिसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की भांडणाऱ्याची वही सही न होता परत येते. मग तीही डावं पान आधी लिहायला लागली.

चौथ्या वर्षी तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी एक प्रोजेक्ट घेतला. लसी ठेवायच्या थंड खोलीचं तापमान बाहेर स्क्रीनवर दाखवायचं. लस दोन ते आठ अंशांच्या मधेच टिकते. त्याच्या खाली ती गोठते, वर गेली की निकामी होते. खोलीत सेन्सर, बाहेर स्क्रीन, आकडा हद्द सोडून गेला की घंटा, असं सगळं होतं. कल्पना ठिणगीची, कोड जवळजवळ सगळा तिचाच. पण परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली तरी मागवलेला सेन्सर आलाच नाही. ती रडकुंडीला येऊन सरांकडे गेली. प्रोजेक्टचे हे सर फार गोड बोलायचे. त्यांच्या तोंडून कुणाला वाईट शब्द गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“अगं, यात रडायचं काय?” सर म्हणाले. “बाहेरचे परीक्षक आकडा बघतात, तार बघत नाहीत. सेन्सरकडून उत्तर नाही आलं तर दोन ते आठमधला कुठलाही आकडा दाखव. जिवंत दिसलं म्हणजे झालं.”

“पण सर, हे खोटं आहे.”

“तात्पुरतं आहे गं. खोटं आणि तात्पुरतं यात फरक असतो.”

तिनं ती ओळ लिहिली. शेजारी स्वतःसाठी टीप टाकली, ‘तात्पुरते. नंतर काढणे.’ तिच्या धंद्यातली माणसं ही टीप दिवसातून चार वेळा लिहितात आणि जन्मात एकदा काढत नाहीत. संध्याकाळी ती प्रोजेक्टची पेटी घेऊन घरी आली, तेव्हा भावानं ती उलटीपालटी करून बघितली.

“तार कुठंय?”

“यायचीये अजून.”

“मग हा आकडा कुठून येतोय?”

“आतून.”

“वा! आमच्यात तार नसली तर दिवा लागत नाही. तुमच्यात लागतो होय?”

आई हसली, भाऊ हसला, तीही हसली. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी आकडा बघितला, माना डोलावल्या आणि तिचा प्रोजेक्ट वर्षातला सगळ्यात चांगला ठरला.

सरांच्या मेव्हण्याची सॉफ्टवेअरची कंपनी होती. सरांनी तो प्रोजेक्ट जसाच्या तसा मेव्हण्याला दिला आणि बरोबर ठिणगीलाही दिलं, यंत्राबरोबर माहितीपुस्तिका द्यावी तसं. कंपनीनं त्याला नवा रंग चढवला, नवं नाव ठेवलं, खरे सेन्सर बसवले आणि दोन वर्षांत एकोणीस औषधभांडारांना तो विकला. तिला घरबसल्या नोकरी चालून आली. बाकीच्या तिघी अजून अर्ज करत होत्या, त्यामुळे आपण काहीतरी मोठं करून बसलो आहोत असं तिला वाटायचं. ती ओळ? ती कुणीतरी केव्हाच काढली असेल असं ती धरून चालली होती. तिनं स्वतः उघडून बघितलं का, तर नाही. तिला काम दिलं होतं रिपोर्टांचं, म्हणजे कुठला रकाना हिरवा आणि कुठला निळा ते ठरवायचं. ते ती मन लावून करायची.

गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला शनिवारी आळीपाळीनं एकाला बसावं लागे. त्या शनिवारी पाळी तिची होती. सकाळी दहा-सव्वादहाला एका भांडारातून फोन आला. बोलणारे तिथले स्टोअरकीपर होते, आवाजावरून पन्नाशी उलटलेले.

“मॅडम, थंड खोलीत गरम वाटतंय.”

“स्क्रीनवर किती आहे काका?”

“चार पूर्णांक तीन. मगाशी सात होतं. त्याच्या आधी अडीच.”

“म्हणजे दोन ते आठच्या आतच आहे ना?”

“आत आहे हो, पण उड्या मारतंय. आणि हाताला गार लागत नाहीये. बावीस वर्षं मी या खोलीत हात घालतोय. लसी न्यायला गाडी आलीये, देऊ का थांबवू?”

“काका, हात म्हणजे थर्मामीटर नव्हे. सिस्टीमवर विश्वास ठेवा.”

मग ते म्हणाले, “बरं. तुम्ही शिकलेली माणसं.” तिनं नोंद केली, ‘युजरला समजावले. कॉल बंद.’ एवढी मोठी खोली बघता बघता अडीचची सात कशी होईल, हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडला असता. हिला पडला नाही. डावं पान बरोबर होतं ना!

सोमवारी सकाळी भांडाराच्या प्रमुख डॉक्टरीणबाई स्वतः थंड खोलीत गेल्या आणि त्यांना कुप्या कोमट लागल्या. खोली थंड ठेवणारी मोटार जळालेली होती. कंपनीनं तासाभरात कळवलं, की आमच्या नोंदींप्रमाणे सोमवारी सकाळी नऊपर्यंत खोली व्यवस्थित थंड होती, तेव्हा नऊनंतर स्टोअरकीपरनं दार उघडं टाकलं असणार आणि त्या ताणानं मोटार गेली असणार. काकांना त्याच दुपारी कामावरून थांबवलं गेलं. गुरुवारी चौकशी ठरली. दोष सिद्ध झाला तर बावीस वर्षांची नोकरी जाणार होती.

ठिणगीचा राग उसळला, तो काकांवर. “स्वतः दार उघडं टाकायचं आणि खापर आपल्यावर फोडायला शनिवारपासून फोन करून ठेवायचे,” ती डबा खाताना म्हणाली. शेजारच्यांनी माना हलवल्या.

मंगळवारी मॅनेजरनं तिला बोलावलं. “चौकशीसाठी आलेख काढ. तुझे आलेख छान असतात. रोजची सरासरी घे, फार बारीक नको. आणि परवा तूच चल दाखवायला, फोनही तूच घेतला होतास.”

तिनं सरासरी काढली. सरळ रेघ आली, पाचाच्या आसपास. इतकी सरळ, की तिला कसंतरीच वाटलं. म्हणून तिनं न सांगता मिनिटामिनिटाचा आलेख काढला. गेल्या गुरुवारी दुपारी दोनपर्यंत रेघ सावकाश चढत होती, सावकाश उतरत होती, खऱ्या खोलीची चढते-उतरते तशी. दोन वाजून दहा मिनिटांनी ती एकदम वेड्यासारखी दोन ते आठच्या मधे नाचायला लागली आणि सोमवारपर्यंत नाचतच राहिली. आठच्या वर एकदाही गेली नाही, दोनच्या खाली एकदाही आली नाही.

तिनं मूळ कोड उघडला. ओळ तिथंच होती. शेजारी तिचीच टीप, ‘तात्पुरते. नंतर काढणे.’ आणि तिच्याखाली कंपनीतल्या कुणीतरी दुसरी टीप लिहिली होती: ‘काढू नये. डेमोला लागते.’

म्हणजे मोटार गुरुवारीच जळाली होती. त्याच लाइनवरची सेन्सरची पेटीही तिच्याबरोबर मेली, आणि मेलेल्या सेन्सरच्या जागी चार दिवस ठिणगीची ओळ बोलत बसली होती. घंटा वाजायचा प्रश्नच नव्हता. आणि शनिवारची गाडी? त्या गाडीतल्या लसी लहान मुलांना टोचूनही झाल्या होत्या. कंपनीची नोंद खरी मानली तर त्या लसी चांगल्या होत्या आणि त्या मुलांकडे कुणीही परत वळून बघणार नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच मॅनेजरच्या खोलीत शिरली, दार न वाजवता.

“ही टीप कुणी लिहिली?”

मॅनेजरनं स्क्रीनकडे एकदा बघितलं. “आवाज खाली. विकायला जातो तेव्हा दर वेळी सेन्सर कुठं घेऊन फिरणार? आणि वरची ओळ कुणाची आहे?”

“माझी.”

“मग झालं तर.”

“काय झालं? तो माणूस घरी बसलाय. शनिवारच्या लसी मुलांना दिल्यात!”

“ते डॉक्टरांनी बघायचं. आपण डॉक्टर आहोत का? तू सरासरीचा आलेख घेऊन ये, बास.”

बाहेर येऊन तिनं सरांना फोन लावला. का लावला, हे तिलाही सांगता आलं नसतं. चार वर्षांची सवय. अडलं की सर.

“अगं, कॉलेजचा प्रोजेक्ट कॉलेजपुरता असतो,” सर तितक्याच गोड आवाजात म्हणाले. “तो कोणी खरा धरला, तर त्याला मी काय करू?”

“मग विकला कशाला?”

“तुझ्या भल्यासाठी. तुझी नोकरी त्यावरच उभी आहे ना? आणि हे बघ, प्रोजेक्टवर नाव तुझं आहे, माझं नाही. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

तिनं फोन ठेवला. या माणसानं चार वर्षांत एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता, आणि एकही खरा शब्द उच्चारला नव्हता. हे तिला आत्ता, पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या स्कूटरला टेकून उभी असताना कळलं. संतापानं तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी संताप येत होता. सरांना शिव्या द्याव्यात तर ओळ तिची. मॅनेजरला द्याव्यात तर ओळ तिची. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी तिनं सगळं सांगून टाकलं. भाऊ पक्कड पुसत ऐकत होता. या वेळी त्यानं एकही विनोद केला नाही. आई मशीनवर होती. तिनं पायाची लय थांबवली.

“तू त्या माणसाला फोनवर काय म्हणालीस?”

“सिस्टीमवर विश्वास ठेवा म्हणाले.”

“आणि त्यानं ठेवला?”

“हो.”

“मग आता जाऊन सांग, ठेवू नका म्हणून. त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे?”

“आई, माझी नोकरी जाईल. पुढं कुणी विचारणार नाही मला. प्रोजेक्ट तोच आहे माझ्याकडे दाखवायला.”

“जाऊ दे,” भाऊ पक्कड खाली ठेवत म्हणाला. तो चिडला होता, आणि बहिणीवरच चिडला होता. “माझ्या हातून उलटी वायर लागली आणि दुसऱ्याला शॉक बसला, तर मी घरात लपून बसायचं का? लहान मुलं आहेत ती! आत्ताच्या आत्ता फोन कर त्या डॉक्टरांना.”

तिनं केला. डॉक्टरीणबाई एका बैठकीत होत्या. फोन उचलणाऱ्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे कंपनीच्या लेटरहेडवर पाठवता का?” बुधवारी ती स्वतः गेली, तर बाई दौऱ्यावर. लिहून दिलेला कागद टेबलावरच्या ढिगात सगळ्यात खाली गेला, तो तिच्या डोळ्यांदेखत. राग काढायला पुष्कळ माणसं होती, पण ऐकून घेणारं एकही नव्हतं.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला डॉक्टरीणबाई आणि दोन अधिकारी, एका बाजूला मॅनेजर, आणि भिंतीला लावलेल्या खुर्चीवर स्टोअरकीपर काका. ठिणगीनं त्यांना पहिल्यांदाच बघितलं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर जाड नोंदवही. दिवसातून तीन वेळा स्क्रीनवरचा आकडा ते त्या वहीत हातानं उतरवत असत. वही दाखवून ते सांगत होते, की गेल्या गुरुवारपासून आकडे कसे उड्या मारतायत ते यात लिहिलंय, शनिवारी फोन केला तेही लिहिलंय. मॅनेजर हसला. “साहेब, यांच्याच वहीत सगळे आकडे दोन ते आठच्या आत आहेत. मग तक्रार कसली?” चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर संन्याशाच्याच हातानं वळून घ्यायचा, असा तो बेत होता.

“आलेख दाखव,” मॅनेजर तिला म्हणाला.

तिनं मिनिटामिनिटाचा आलेख टेबलावर पसरला.

“हा नाही. दुसरा.”

“दुसरा खोटा आहे,” ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला नाही. “गेल्या गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सेन्सर मेला. तिथून पुढचे सगळे आकडे मनचे आहेत. सेन्सर गप्प बसला की सिस्टीम दोन ते आठमधला कुठलाही आकडा दाखवते. ती ओळ मी लिहिली, कॉलेजात, परीक्षेसाठी. कंपनीनं ती माहीत असून ठेवली, हा त्याचा कागद. या काकांनी शनिवारी फोन केला, तो मी घेतला. खोली गरम आहे असं ते म्हणाले. गप्प बसा म्हणणारी मी.”

मॅनेजर उठून काहीतरी बोलू लागला. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. “शनिवारची गाडी,” त्या एवढंच म्हणाल्या.

“त्या लसी दोन दिवस गरम खोलीत होत्या बाई. मी मंगळवारी फोन केला, काल कागद दिला. तुमच्या टेबलावर आहे.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या चौकशी अर्धवट टाकून उठल्या आणि दाराबाहेरच फोनवर ओरडायला लागल्या. चौसष्ट मुलं, नावं काढा, पत्ते काढा, आज संध्याकाळपर्यंत. खोलीतली माणसं एकमेकांकडे न बघता कागद गोळा करायला लागली. एका अधिकाऱ्यानं काकांना सांगितलं, “तुम्ही उद्यापासून कामावर या,” जणू ते रजेवर होते. कुणी माफी मागितली नाही. मॅनेजरनं जाता जाता हात पुढं केला आणि ठिणगीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. काका त्यावर वही घेऊन बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“काका, माझं चुकलं.”

त्यांनी वर बघितलं. डोळे लाल झाले होते. “चुकलं? तू मला गाडी थांबवू दिली नाहीस पोरी. माझा हात खरं सांगत होता आणि मी त्याचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं. चौसष्ट पोरांची खोकी मी माझ्या या हातांनी गाडीत चढवली. आता तू खरं बोललीस म्हणून मी तुझ्या पाठीवर थाप मारू का?”

“नको,” ती म्हणाली.

दाराकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, एकेक नाव, एकेक पत्ता. मग त्यांनी विचारलं, “कॉलेजात परीक्षेसाठी लिहिलं म्हणालीस ना ते?”

“हो.”

“मार्क किती दिले त्याला?”

“शंभरपैकी सत्त्याण्णव.”

“सत्त्याण्णव,” काका म्हणाले. “आणि तीन कशाचे कापले?”

तिला उत्तर माहीत होतं. तोंडातून काढताना तिला त्या सगळ्यांची, आणि स्वतःची, चीड आली.

“रिपोर्टचं बाइंडिंग वाकडं होतं,” ती म्हणाली.